इंद्रिये, मन आणि प्रत्यक्ष ज्ञान

एखादी व्यक्ती समोरून निघून जाते, पण ती दिसत नाही. कोणी जवळ येऊन बोलते, पण शब्द ऐकू येत नाहीत. डोळे उघडे असतात, कान शाबूत असतात. मग उणीव कशाची? बृहदारण्यकोपनिषदाने या नित्याच्या अनुभवावरूनच निष्कर्ष काढला आहे की, मनुष्य पाहतो तो मनाने आणि ऐकतो तोही मनानेच.

हाच विचार न्यायदर्शनाने अधिक काटेकोरपणे मांडला. गौतमाच्या न्यायसूत्रांत इंद्रिय आणि विषय यांच्या सन्निकर्षातून उत्पन्न होणाऱ्या ज्ञानाला प्रत्यक्ष म्हटले आहे. तथापि, सर्व इंद्रियांचा आपापल्या विषयांशी एकाच वेळी संबंध आला, तरी त्यांची ज्ञाने एकाच क्षणी होत नाहीत. मनाच्या अस्तित्वाची खूण ती हीच. नैयायिकांच्या मते मन अणुरूप असल्यामुळे एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते.

बौद्ध आचार्य दिङ्नाग याहून पुढे गेले. नाम, जाती इत्यादी कल्पनांपासून मुक्त असे ज्ञान तेच प्रत्यक्ष. भ्रम हा इंद्रियांचा नव्हे, तर मनाचा व्यापार होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. वेदान्तातील प्रसिद्ध दृष्टान्त घेऊन हे पाहता येईल. अंधूक उजेडात पडलेली दोरी साप भासते. डोळ्यांना लांबट, वेटोळे घातलेले काहीतरी दिसते, एवढे खरे असते. ‘साप’ हा निर्णय स्मृती आणि भय यांनी घाईने दिलेला असतो.

आधुनिक शरीरशास्त्राचा दाखलाही येथे उद्बोधक आहे. दृष्टिचेता नेत्रगोलातून जेथे बाहेर पडते, तेथे प्रकाशाची संवेदना होत नाही. तरीही दृश्यात पोकळी जाणवत नाही. मेंदू ती भरून काढतो.

म्हणूनच ‘डोळ्यांनी पाहिले’ एवढ्या आधारावर कोणाला दोषी ठरविणाऱ्याने आपण किती पाहिले आणि किती जोडले, हे आधी तपासावयास हवे. येथे ज्ञानाचा प्रश्न आचाराचा प्रश्न बनतो. कठोपनिषदाच्या रूपकात शरीर हा रथ, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धी ही सारथी आहे. घोडे मारून प्रवास होत नाही आणि लगाम सोडूनही होत नाही. साधना इंद्रियांचे वैर शिकवीत नाही. ती सारथ्याला जागे राहण्यास शिकविते.