कर्ज-ए-हसना : घेणे आणि फेडणे



बिनव्याजी कर्जाचा विषय निघाला की व्याज हराम कसे, यावरच बहुतेक भाषण संपते. ते आपण सारे जाणतो. मला आज परतफेडीबद्दल बोलायचे आहे.

कर्ज-ए-हसना ही खैरात नव्हे. सदका दिला की तो घेणाऱ्याचा झाला. कर्ज मात्र घेतले तेवढे परत करायचे असते. कुराणशरीफमधील सर्वांत मोठी आयत (सूरह बकरा, २८२) देण्याघेण्यासंबंधीच आहे. मुदतीचे कर्ज लहान असो वा मोठे, ते लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असे ती बजावते. 'आपसात कागद कशाला?' म्हणणाऱ्यांनी ती जरूर वाचावी. ऋणको अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, माफ केले तर अधिक चांगले, हेही त्याच सूरहमध्ये आहे. पण ही सवड अडलेल्यासाठी आहे. ऐपत असून टाळाटाळ करण्याला पैगंबरसाहेबांनी (स.) जुलूम म्हटले आहे.

सहीह बुखारीत एक प्रसंग आहे. एक जनाजा आणला गेला. मयताच्या डोक्यावर तीन दिनार कर्ज होते आणि मागे काहीच शिल्लक नव्हते. 'तुम्हीच नमाज पढा,' असे पैगंबरसाहेबांनी सांगितले. अबू कतादा (र.) यांनी ते कर्ज स्वतःच्या अंगावर घेतले, तेव्हाच त्यांनी नमाज पढवली. केवळ तीन दिनार!

देवबंदला १९६१ साली मुस्लिम फंड निघाला. लोकांच्या लहान बचती बिनव्याजी ठेवायच्या आणि दागिन्यांच्या तारणावर गरजूंना कर्ज द्यायचे, अशी त्याची रीत. पण विद्यार्थ्याकडे दागिना कोठला? लाहोरच्या 'अखुवत' संस्थेने २००१ मध्ये एका गरीब स्त्रीला दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. तिने ते फेडले, आणि त्यातून पुढची कर्जे निघाली. ही संस्था मशिदीत बसून, जामीन घेऊन कर्ज देते. आपल्याकडेही हे जमण्यासारखे आहे. एक जामीन घरचा असावा, दुसरा मोहल्ल्यातला. हप्ता नोकरी लागल्यापासून सुरू व्हावा.

नोकरी लागल्यावर जो मुलगा गप्प बसतो, तो कमिटीचे पैसे बुडवत नाही. फीसाठी रांगेत थांबलेल्या पुढच्या मुलीचे वर्ष बुडवतो. तेव्हा पालकांनी फॉर्म भरताना परतफेडीचा रकाना मुलाकडूनच, त्याच्या हस्ताक्षरात भरून घ्यावा.