शांत कोणी राहायचं?

(कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रश्नावर नव्याने काम करू लागलेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. प्रसंगांतल्या बायकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'अवघड माणसांशी बोलताना शांत कसं राहावं' असा विषय पाहिला आणि मला आधी हसूच आलं. माझ्या आईने हे वाचलं तर म्हणेल, 'हिला बोलावलं? ही तर दूधवाल्याशीसुद्धा भांडते.' मग थोडा रागही आला. कारण 'शांत राहा' हे बायकांना काही नवीन नाही. तू तोंड बंद ठेव म्हणजे तो हात उचलणार नाही, हे माहेरचे सांगतात, शेजारचे सांगतात, कधीकधी ठाण्यातले हवालदारही सांगतात. ताराबाई शिंदे यांचं १८८२ सालचं 'स्त्री-पुरुष तुलना' आजही हातात घेतलं तर त्यातला संताप चटका देतो. ते पुस्तक त्या शांत राहिल्या असत्या तर लिहिलंच गेलं नसतं.

तेव्हा एक गोष्ट आधीच सांगते. मार खाऊन आलेल्या बाईने शांत राहावं असं मी इथे म्हणणार नाही. मी बोलणार आहे ते टेबलाच्या या बाजूला बसणाऱ्या आपल्याबद्दल.

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्ही वर्गात नाटुकली करून समुपदेशन शिकलो. नवरा व्हायची ती माझी मैत्रीण, आणि ती मध्येच फिस्सकन हसायची. प्रत्यक्ष कामावर आल्यावर माझ्या पहिल्या संयुक्त बैठकीला नवऱ्याकडचे अकरा जण जीप करून आले. आमच्या खोलीत खुर्च्या होत्या सहा. आमची मुलगी आणि तिची आई कोपऱ्यात अंग चोरून उभ्या, आणि खुर्च्यांवर सगळी सासरची मंडळी. चुलत सासरे गावातलं बडं प्रस्थ. त्यांनी टेबलावर हात आपटून विचारलं, 'तुमचं स्वतःचं लग्न झालंय का? मग तुम्हाला संसारातलं काय कळतं?'

माझे कान तापले. तोंडाला कोरड पडली. आणि मी काय केलं, तर माझं लग्न झालेलं आहे, मला मुलगा आहे, हे त्यांना सांगत बसले! पाऊण तास माझ्या संसारावर चर्चा झाली. ती मुलगी तशीच उभी.

अवघड माणूस हेच करतो. तो विषय उचलून आपल्या अंगावर आणून टाकतो. आपण रागावलो तरी त्याचं काम झालं, आणि आपण स्वतःची बाजू मांडू लागलो तरी झालं. आपल्या शांतपणाचा उपयोग एवढाच, की विषय जागेवरून हलू द्यायचा नाही.

पुढच्या बैठकीला मी दारातच उभी राहिले. 'आत चारच माणसं. हिच्याबरोबर एक, त्यांच्याबरोबर एक.' चुलत सासरे परत होतेच. 'मला बाहेर बसवता?' म्हणून आवाज चढवला. मी म्हटलं, 'काका, तक्रार तुमच्याविरुद्ध नाही. तुमचं नाव घालायचं असेल तर सांगा, घालते.' बसले बाहेर. हे मी फार हुशारीने म्हटलं नव्हतं, भीतीनेच सुचलं. पण तेव्हापासून मी बैठकीच्या आधी खोली लावून घेते. तक्रार करणाऱ्या बाईची खुर्ची दाराजवळ, म्हणजे तिला कुणाला ओलांडून जावं लागत नाही. माझी तिच्या शेजारी. टेबलावर पेपरवेट ठेवायचा नाही. पाण्याचा तांब्या माझ्या हाताशी. हसू नका, कुणी ओरडू लागलं की मी उठून पेल्यात पाणी ओतते आणि त्याच्यापुढे ठेवते. तेवढ्यात माझाही श्वास जागेवर येतो.

दुसरं म्हणजे वही. मी त्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहिते आणि लिहिताना म्हणते, 'जरा सावकाश सांगा, काय म्हणालात? दोन थोबाडीत दिल्या, असंच ना?' बोललेलं कागदावर उतरतंय हे दिसलं की माणूस आपोआप हळू होतो. आणि पुढे प्रकरण कोर्टात गेलं, तर तारखेसकट नोंद असते.

तिसरी गोष्ट मला बरीच उशिरा कळली. 'का मारलंत?' असं विचारायचं नाही. मारलं का, कधी, कशाने, हे विचारायचं. 'का' विचारलं की यादी सुरू होते. भाजी करपली होती, मोबाईलवर बोलत होती, आईला उलट बोलली. मग आपण भाजी खरंच करपली होती का याच्या चौकशीत शिरतो. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या नियमांतला चौदावा नियम तुम्ही सगळ्यांनी मुळातून वाचा. कोर्टाने समुपदेशनाला पाठवलं असेल तर तिथे विरुद्ध पक्षाला आपल्या हिंसेचं समर्थन करू द्यायचं नाही, आणि यापुढे हिंसा करणार नाही अशी हमी त्याच्याकडून घ्यायची, असं त्यात म्हटलं आहे. आपल्याकडे येणारी बहुतेक प्रकरणं कोर्टातून आलेली नसतात, पण दंडक म्हणून तो आपल्याला उत्तम आहे.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला जड जातं.

कामाच्या तिसऱ्या वर्षी एक बाई आली. नवरा शाळेत शिक्षक. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, बोलणं अगदी मऊ. 'मॅडम, तुमचा वेळ घेतो, माफ करा.' ती मात्र आल्यापासून ओरडत होती. त्याला शिव्या देत होती, मध्येच रडत होती, एका प्रश्नाचं उत्तर धड देत नव्हती. तो दर वेळी खाली मान घालून म्हणायचा, 'पाहिलंत ना मॅडम? घरी रोज हे असंच.' आणि खोटं कशाला बोलू, मला त्याच्याशी बोलणं सोपं जात होतं. मी माझ्या शिकलेल्या शांत आवाजात तिला म्हटलं, 'ताई, तुम्ही जरा शांत बसा. असं ओरडून काही होत नाही. त्यांना बोलू द्या.'

ती एकदम गप्प झाली. मला वाटलं, जमलं आपल्याला! तासाभरात हमीपत्र झालं, दोघांच्या सह्या झाल्या, तडजोडीच्या रजिस्टरमध्ये नोंद झाली. महिन्याच्या अहवालात 'समझोता' या रकान्यात एकाची भर पडली. ती त्याच्यामागून पायऱ्या उतरत गेली.

तीन आठवड्यांनी ती ग्रामीण रुग्णालयात भेटली. मनगट मोडलं होतं, प्लास्टर कोपरापर्यंत. मी कॉटजवळ बसले. बराच वेळ ती काही बोलली नाही, मग म्हणाली, 'तुमच्याकडे मी पहिल्यांदाच ओरडले होते ताई. घरात माझा आवाज फुटत नाही. तुम्ही पण गप्प बसवलंत.'

त्या दिवशी मी शांतच होते. पण माझी शांतता त्याच्या बाजूला जाऊन बसली होती. ज्याचा धाक घरात बसलेला आहे त्याला ऑफिसात आवाज चढवायची गरज नसते, एवढं साधं माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिने आरडाओरडा केला म्हणून ती मला अवघड वाटली. त्या खोलीतला अवघड माणूस कोण, ते मी चुकीचं ओळखलं होतं.

तिने पुढे डी.व्ही. ॲक्टखाली अर्ज केला. संरक्षणाचा आदेश मिळाला, पोटगीही मंजूर झाली. चार महिने पैसे आले, मग थांबले, मग वसुलीसाठी पुन्हा अर्ज. ती आता भाड्याच्या खोलीत राहते, शिवणकाम करते. तिचं शिलाई मशीन सासरी अडकलं होतं, ते आणायला मी पोलीस शिपायाला घेऊन गेले. त्याने फार आदराने, चहा विचारून मशीन बाहेर काढून दिलं. रिक्षातून उतरवल्यावर तिने झाकण उघडलं, तर आतलं बॉबिन केस काढून घेतलेलं! त्या वेळी मात्र आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून मनसोक्त शिव्या दिल्या. मग बाजारात जाऊन नवीन घेतलं.

त्या प्रकरणानंतर मी काही गोष्टी बदलल्या. बाईशी आधी एकटीशी बोलल्याशिवाय संयुक्त बैठक लावत नाही. तिला समोरासमोर बसायचं आहे का, हे विचारते, आणि 'नाही' म्हणाली तर विषय तिथेच संपतो. बैठक मध्येच थांबवायची असेल तर खूण ठरवतो. एकजण ओढणीला गाठ मारायची. ती ओरडली तर ओरडू देते. आणि त्याने धमकी दिली, 'बघून घेईन' इतकंसुद्धा म्हटलं, तर बैठक बंद. तिथे समजुतीचा सूर लावायचा नाही. पुढचा रस्ता संरक्षण अधिकाऱ्याकडे, किंवा ठाण्यात गुन्हा नोंदवण्याकडे. पूर्वीचं ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. ठाण्यात नुसती एन.सी. घेऊन परत पाठवू लागले तर तेव्हाही आवाज न चढवता, पण खुर्ची न सोडता बसून राहायचं. अंमलदारांची ड्यूटी बदलेपर्यंत मी बसलेली आहे.

आता घरचं. दिवसभर मी जो आवाज खाली ठेवते तो संध्याकाळी कुठेतरी जातोच. एकदा डबा अर्धा परत आणला म्हणून मुलावर इतकी ओरडले की तो दप्तर घेऊन पलंगाच्या मागे जाऊन बसला. सात वर्षांचा होता. दिवसभर दुसऱ्यांच्या घरातल्या भीतीविषयी बोलायचं आणि घरी येऊन हे! आपल्या शांतपणाची किंमत कुणीतरी भरत असतं, आणि ते बहुधा घरातलं सगळ्यात लहान माणूस असतं. आता आम्ही सहकारणी दर शनिवारी तासभर दार लावून बसतो. प्रकरणाची चर्चा नाही, फक्त त्या आठवड्यात कुणाचा किती राग आला ते बोलायचं. पहिल्या शनिवारी कुणी तोंडच उघडेना, आता वेळ पुरत नाही. संस्थांच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे की हा तास कामाच्या वेळेत धरा, आणि पगार वेळेवर करा. त्यानेही बरीच शांतता येते.

माझं बोलणं इथे थांबवते, कारण चहा आलेला दिसतोय. चहानंतर तिघी-तिघींचे गट करू. एकीने तक्रार करणारी बाई व्हायचं, एकीने कार्यकर्ती, आणि एकीने तो मऊ बोलणारा नवरा. टेबल आपटणारा सासरा सगळ्यांना जमतो, तो आज नको. नवरा होणारीने हसायचं नाही, आणि बाई होणारीने आवाज काढायला लाजायचं नाही. शेजारच्या सभागृहात लग्न आहे, बँड वाजतोच आहे, कुणाला ऐकू जाणार नाही.