थकल्या संध्याकाळचे पालकत्व



आपल्या गुजरातेतच, भावनगरला, गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर उघडले. १९२६ मध्ये ताराबाई मोडक यांच्यासह नूतन बालशिक्षण संघ स्थापला. मूल ही स्वतंत्र व्यक्ती आहे, ही त्यांची शिकवण. तिची कसोटी लागते ती संध्याकाळी, घरात.

आई-वडील कामाने शिणलेले असतात. तेवढ्यात मूल सांगते, "माझ्या गुजरातीला वर्गात सारे हसतात." आपण चटकन म्हणतो, "त्यात काय एवढे!" मूल गप्प होते, दुःख मात्र जात नाही. उपदेशाआधी त्याला "वाईट वाटले ना?" एवढेच हवे असते. अंगात त्राण नसेल तर तसे सांगावे, "जेवणानंतर बोलू" म्हणावे, आणि जेवणानंतर खरोखरच बोलावे. शब्द पाळला की विश्वास टिकतो. मग "उद्या काय करशील?" हे त्यालाच विचारावे. चिडवणे थांबलेच नाही, तर शिक्षकांना भेटणे हे आपले काम.

बोलणे सुचत नसेल, तर ग्रंथालयातून गोष्टीचे एक पुस्तक न्यावे. गोष्टीतल्या मुलाचे दुःख वाचता वाचता आपले मूलही मन मोकळे करू लागते.