झाकण कोणी उघडलं?

(१९९४ च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'मेळाव्याची तयारी : पडद्यामागची गोष्ट'. दिल्या वेळेत काम संपवायची मला सवय नाही, हे माझ्या टीममधलं कुणीही सांगेल. तरी प्रयत्न करते. ओघात एक कबुलीही द्यायची आहे. ती राहून गेली तर मला खाली बसू देऊ नका.

आधी तयारीचं सांगते. या हॉलमध्ये वर बघा. चाळीस मीटर पताका आहेत, सगळ्या हाताने कापलेल्या. खांबांना बांधलेली फुलं क्रेप कागदाची आहेत, एकशे वीस. मागच्या टेबलावर पांढऱ्या पंचाखाली झाकलेले नऊ केक आहेत. एकही विकतचा नाही. पताका चिकटवायला फेविकॉल नाही, मैद्याची खळ वापरली आहे. शाळेत आपण खळीत चिमूटभर मोरचूद घालायचो, कीड लागू नये म्हणून, आणि कार्यानुभवाच्या बाई दर वेळी ओरडायच्या, "हात धुवा, तोंडात बोटं घालू नका!" या वेळी मोरचूद घातलेलं नाही. पताका दोनच दिवस टिकायच्या आहेत.

हे सगळं असं ठरलं नव्हतं. समितीने एका इव्हेंटवाल्याकडून दर मागवले होते. फुग्यांची कमान, तीन मजली केक, वर खाता येईल अशा कागदावर छापलेला आपला वर्गाचा फोटो. म्हणजे कुणाच्या तरी वाट्याला सरांचा चष्मा आला असता. (सर, हसताय म्हणजे चाललं असतं तर!) मग एका रात्री साडेअकराला ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "आपणच करू या ना, निरोप समारंभाला केलं होतं तसं." या सूचनेला पहिला विरोध माझा होता. मी लगेच एक्सेल शीट टाकली : किती माणसं, किती तास, किती मैदा. विरोधाची कारणं मी वेळ आणि मनुष्यबळ अशी दिली. खरं कारण वेगळं होतं. निरोप समारंभाच्या केकची आठवण मला नको होती.

त्याच चर्चेत आपल्यातल्या एकाने लिहिलं, "केक कुणाकडेही द्या, फक्त झाकणकडे देऊ नका." त्याखाली हसरे चेहरे पडले. मी मोजले, एकतीस. त्यातला एक तिचा स्वतःचा होता.

आता गोष्ट सांगावीच लागेल.

१९९४ चा फेब्रुवारी. आपल्या सांगलीत तेव्हा घरी ओव्हन असणं म्हणजे मोठीच गोष्ट. दिवाळीत आया रवा, मैदा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत न्यायच्या, तिथेच नानकटाई थापायच्या आणि आपल्या पत्र्यावर नावाची चिठ्ठी लावून रांगेत बसायच्या. आमच्या गल्लीत एकाच घरी तो गोल अॅल्युमिनियमचा विजेवरचा ओव्हन होता, वर काचेची छोटी खिडकी असलेला. त्या काकूंकडे मागायचं धाडस आमच्यात नव्हतं. मागितला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, कारण त्याला खिडकी होती.

मग कुकरमध्ये करायचं ठरलं. गावभागात तिच्या घरी. तिच्या आईने कृती वहीत लिहून दिली होती : दोन वाट्या मैदा, वाटीभर पिठीसाखर, वाटीभर दही, अर्धी वाटी पातळ तूप, थोडं दूध, अर्धा चमचा खायचा सोडा. कुकरच्या तळाला मिठाचा थर, त्यावर जाळी, जाळीवर डबा. शिट्टी काढायची, रिंग काढायची, दहा मिनिटं रिकामा तापवायचा, मग मंद आचेवर पाऊण तास. मापं माझ्याकडे होती, कारण माझं गणित चांगलं. ती तोवर समारंभासाठी गुलाब करत बसली होती. क्रेपच्या सुरकुत्या पाकळीत उभ्या आल्या पाहिजेत, म्हणजे मधोमध अंगठ्यांनी ताणून पाकळीला वाटीसारखा खोलगटपणा देता येतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आडवा कापलेला क्रेप काही केल्या खोलगट होत नाही. माझे गुलाब त्यामुळे कोबीसारखे दिसायचे. खांबांवरच्या एकशे वीस फुलांत माझी अकरा आहेत, ओळखू येतील.

विसाव्या मिनिटाला तिने कुकरचं झाकण उघडून पाहिलं. हे खरं आहे, आणि हे साऱ्या वर्गाला माहीत आहे. केक मधोमध खड्डा पडून बसला. दुसऱ्या दिवशी शाळेत डबा उघडला तेव्हा मुलं म्हणाली, हे काय झालं? मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "हिने मध्येच झाकण उघडलं."

तेव्हापासून ती 'झाकण' झाली. दहावी संपली, मी सायन्सला गेले, ती कॉमर्सला, पण तिच्याबरोबर आपल्यातली पाच-सहा मुलं होती, त्यामुळे नावही गेलं. तिच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत कुणीतरी ते मोठ्याने म्हटलेलं मी ऐकलं आहे. तिच्या सासूबाईंनी विचारलं, झाकण म्हणजे काय हो? मी पानातली जिलेबी खात होते. खातच राहिले.

तुम्हाला केक बसलेला आठवतो. त्याची चव कुणाला आठवते? साबणासारखी होती. आणि तो आतून गडद तपकिरी होता, कोको न घालता. इथे मी थोडं शास्त्र सांगणार आहे, विज्ञानाच्या बाईंनी माफ करावं. खायचा सोडा अल्कधर्मी. दह्यातल्या आम्लाशी त्याची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचे बुडबुडे पिठात अडकतात आणि केक फुगतो. दह्यातलं आम्ल जेवढं, तेवढ्याच सोड्याला ते पुरतं. त्याहून जास्त सोडा घातला की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे पीठ झपाट्याने फुगतं, ते आतून शिजून घट्ट होण्याआधीच बुडबुडे एकमेकांत मिसळून फुटतात आणि केक खाली बसतो. दुसरी म्हणजे उरलेला सोडा केकमध्ये तसाच राहतो. त्याने रंग गडद होतो आणि चव साबणाची येते. झाकण लवकर उघडल्यानेही केक बसू शकतो, हे मान्य. पण झाकण उघडल्याने केक साबणासारखा लागत नाही.

सोडा मी घातला होता. अर्धा चमचा लिहिलेलं मी वाचलं होतं. वर्गात आपण अठ्ठेचाळीस होतो आणि केक एकच, म्हणून तो जास्त फुगावा असं मला वाटलं. भजी सोड्याने फुगतात एवढंच माझं ज्ञान. मी शिगोशीग दोन चमचे घातले. ते मी कुणाला सांगितलं नाही.

आमच्या कामात काही बिघडलं की मूळ कारण शोधावं लागतं. कित्येकदा दोन चुका एकाच वेळी झालेल्या असतात, आणि जी सगळ्यांसमोर घडली ती नोंदवून प्रकरण बंद केलं जातं. गेली चोवीस वर्षं मी नव्या मुलांना सांगते आहे, असं प्रकरण बंद करू नका. सांगताना मला कुकर आठवायचा नाही असं म्हणणार नाही. पण मी मनाची समजूत घालायची : नक्की काय झालं कोण जाणे, झाकणही उघडलंच होतं की.

ती पळवाट २०२० मध्ये बंद झाली. लॉकडाऊनमध्ये सगळं जग केक करत होतं, तशी मीही. मुलीचा वाढदिवस होता, दुकानं बंद, तीच कृती आठवून केली. फोनवर ऑफिसचा कॉल चालू होता आणि त्या नादात सोडा दोनदा पडला. ओव्हनचं दार मी एकदाही उघडलं नाही, काचेतून पाहत होते. केक वर आला, आणि माझ्या डोळ्यांदेखत बसला. तोच खड्डा, तोच रंग. मुलीने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "आई, यात विम आहे का?"

त्यानंतरही मी चार वर्षं गप्प होते. हे जास्त वाईट, असं माझं स्वतःबद्दलचं मत आहे. चौदाव्या-पंधराव्या वर्षी माणूस घाबरतो. बेचाळिसाव्या वर्षी मला कशाची भीती होती?

मागच्या महिन्यात ती तीन रविवार पुण्याला माझ्या घरी आली, पताका करायला. जमिनीवर कागद पसरून आम्ही बसलो होतो. ती चार घड्या घालून एका कात्रीत आठ पताका काढते. माझं अजूनही पट्टी, पेन्सिल, खुणा. दुसऱ्या रविवारी मी तिला सांगितलं. दोन चमचे, शिगोशीग. ती कात्री न थांबवता म्हणाली, "मला माहीत आहे. सोड्याची रिकामी पुडी मीच कचऱ्यात टाकली. आई संध्याकाळी ओरडली, ढोकळ्याला सोडा शिल्लक नाही म्हणून."

मी विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस?

"बोलून काय? केक थोडाच फुगणार होता."

थोड्या वेळाने मात्र तिने कात्री खाली ठेवली. म्हणाली, "बाकी काही नाही गं, माझ्या मुलाच्या फोनमध्ये तुमच्यातल्या एकाने मला त्या नावाने हाक मारलेला व्हिडिओ आहे. तो मला विचारतो. तेवढं सांगायचं असेल तर सगळ्यांसमोर सांग." ती वही दाखवता आली असती तर पुरावा झाला असता, पण तिच्या घरात २०१९ च्या पुराचं पाणी शिरलं त्यात ती गेली. तेव्हा पुरावा म्हणून मीच उभी आहे.

तर, ग्रुपवर ज्यांच्याकडे तिचा नंबर त्या नावाने सेव्ह आहे, त्यांनी आत्ता, इथे बसल्या बसल्या बदलावा. मी थांबते. मागच्या रांगेतल्यांनीही. ते नाव कुणालातरी द्यायचंच असेल तर माझं घ्या, माझ्या नावापुढे शोभतंही.

आता केक. नऊपैकी आठ ओव्हनमध्ये झाले, चार तिच्याकडे, चार माझ्याकडे. नववा काल तिच्या घरी आम्ही दोघींनी कुकरमध्ये केला. मीठ, जाळी, मंद आच, सगळं तसंच. सोडा तिने मोजला. मी झाकणाला हात लावला नाही, आणि तिने विसाव्या मिनिटाला मुद्दाम एकदा उघडलं. थोडा बसला आहे, फार नाही. चव चांगली आहे, आम्ही कड खाऊन पाहिली. कोणता ते सांगत नाही, शोधा.

कापायला मी तिला वर बोलावते. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घेतली आहे, तुकडे स्वच्छ निघतील.

आणि बाई, त्या दिवशी सगळ्यांनी तुकडे हळूच खिडकीतून टाकले होते. तुम्ही मात्र तुमचा शेवटपर्यंत खाल्लात, वर पाणीही मागितलं नाहीत. आज पहिला तुकडा तुमचा. बिघडला असेल तर या वेळी सांगा.