सर्दी-तापाला "स्ट्राँग गोळी" कशाला?



आम्ही अंबडच्या. गटातल्या बऱ्याच जणी एमआयडीसीत कामाला जातात. खाडा झाला की रोज बुडतो. म्हणून सर्दी-ताप आला की मेडिकलमध्ये जाऊन "एखादी स्ट्राँग गोळी द्या" म्हणायची सवयच लागलेली. एकीच्या उरलेल्या गोळ्या दुसरीच्या पोराला, हेही आम्ही केलंय. बचतच ना ती!

मागच्या बैठकीला सगळ्यांनी घरातले गोळ्यांचे डबे आणले. अर्धवट पाकिटंच पाकिटं. काही तर करोनाच्या काळातली, अझिथ्रोमायसिनची.

करोना हा विषाणूचा आजार. अँटिबायोटिक मारतं ते जिवाणूंना, विषाणूवर ते चालत नाही. तरी ते सर्रास दिलं गेलं, कारण वरून जिवाणूंचा संसर्ग होईल ही भीती. ती कितपत खरी होती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० सालच्या, १० रुग्णालयांतल्या १७,५३४ करोना रुग्णांची माहिती तपासली. जिवाणूंचा किंवा बुरशीचा दुसरा संसर्ग झालेले शंभरात चारसुद्धा नव्हते. पण ज्यांना झाला, त्यांतले निम्म्याहून जास्त दगावले, आणि त्यांच्यातले बरेच जंतू औषधांना दाद देत नव्हते. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगाचा आकडा सांगितला: दवाखान्यात दाखल झालेल्यांपैकी जिवाणूसंसर्ग शंभरात आठ जणांना, अँटिबायोटिक मात्र चारातल्या तिघांना.

गोळी उगाच घेतली की शरीरातले कच्चे जिवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. मग बाळंतिणीच्या तापाला, बाळाच्या न्यूमोनियाला तीच गोळी लागू पडत नाही.

एक ताई म्हणाल्या, "पण मला तर गोळीनेच बरं वाटलं." अहो, साधा सर्दी-ताप बहुतेक वेळा आठवड्यात आपोआप उतरतो. नाव गोळीचं होतं!

आता आम्ही डॉक्टरांना विचारतो, "हा ताप विषाणूचा आहे का? अँटिबायोटिकची गरज आहे का?" पहिल्यांदा जीभ अडखळते. पण आपणच हट्ट धरतो म्हणूनही कधी कधी ते लिहून दिलं जातं. तपासून दिलं, तर सांगितलं तसं पूर्ण घ्यायचं. उरवायचं नाही, वाटायचं नाही.

मात्र लेकराला धाप लागली, छाती आत ओढली जायला लागली, ते पीत नसेल, तर घरी वाट बघत बसायचं नाही. खाडा होऊ दे, लगेच दवाखाना गाठायचा.