नितळ दिसणाऱ्या पाण्याविषयी



अहवालवर्षातील खरेदीत ‘टर्बिडिटी मीटर’ ही नोंद पाहून एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, “पाण्याचा गढूळपणा मोजायला यंत्र कशाला? डोळ्यांना दिसत नाही का?” प्रश्न रास्त होता. आम्हीही कित्येक वर्षे पेला खिडकीच्या उजेडात धरूनच पाणी पारखत आलो.

कौलांतून उतरणारा कवडसा आपण पाहिला असेल. एरवी न दिसणारे धूलिकण त्यात चमकतात. यंत्राचे तत्त्व तेच. कुपीतील पाण्यात प्रकाशकिरण सोडला की कण तो विखुरतात आणि किरणाशी काटकोनात बसवलेला संवेदक हा विखुरलेला प्रकाश मोजतो. आकडा ‘एनटीयू’ या एककात येतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा १ आहे. दुसरा स्रोतच नसल्यास ५. डोळ्यांना गढूळपणा जाणवू लागतो तोच साधारण ५ च्या आसपास.

ही तफावत क्षुल्लक नाही. कणांच्या आडोशाने जंतू क्लोरीनपासून बचावतात. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९९३ च्या मार्चअखेर एका जलशुद्धीकरण केंद्रातील पाण्याचा आकडा १.७ पर्यंत चढला. तत्कालीन नियमांत तो बसत होता. परंतु क्लोरीनलाही न जुमानणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी गाळणीतून निसटला होता. सुमारे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडल्याचा अंदाज पुढे प्रसिद्ध झाला. मृतांत प्रतिकारशक्ती क्षीण झालेलेच बहुसंख्य होते. असेच रुग्ण आमच्या कक्षांत असतात.

गेल्या पावसाळ्यात एके दुपारी आमच्या टाकीच्या पाण्याचा आकडा ३.४ आला. पेल्यात ते नितळ होते आणि सकाळपासून रुग्णांना तेच दिले गेले होते, हे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. गाळणीतील वाळूच्या थराला भेगा पडल्या होत्या. दुरुस्ती होईपर्यंत पाणी उकळून दिले. सुदैवाने त्या पाण्याने कोणी आजारी पडल्याचे आढळले नाही.

आम्ही वाणिज्य शाखेचे. विज्ञान तंत्रज्ञांकडून शिकलो. मात्र ताळा पाहण्याची सवय येथेही उपयोगी पडली. कुपीवरील बोटाचा ठसा किंवा आतला बुडबुडासुद्धा प्रकाश विखुरतो आणि खोटा आकडा देतो. म्हणून कुपी पुसून घेतात, आणि यंत्रही ‘फॉर्मॅझिन’च्या प्रमाणित द्रावणाशी ताडून पाहतात.

संपूर्ण वाळू बदलण्याचे अंदाजपत्रक आज सभेपुढे आहे. दोन्ही वेळच्या आकड्यांची वही स्वागतकक्षात ठेवली आहे. नातेवाइकांनी ती अवश्य मागून पाहावी.