आधी विचारा, मग बांधा

(शहागंज, छत्रपती संभाजीनगर येथे झालेल्या मदतनीसांच्या तिमाही सभेतील भाषण)



गेल्या महिन्यात मी किल्लारीला जाऊन आलो. भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो. आपल्यापैकी अनेकांनी त्या वेळी घरातली धान्ये, कपडे आणि भांडी मदतीसाठी दिली असतील. त्या मदतीचे पुढे काय झाले, हे पाहावे असे फार दिवस मनात होते.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लोक नुकतेच निजले होते. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसे गेली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

एवढी माणसे दगावली ती घरांमुळे. दगडमातीच्या दोन-तीन फूट रुंद भिंती आणि वर माळवदाचा जड थर. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर झोपेत अंगावर कोसळले. कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर असलेल्या गरिबांच्या झोपड्यांत त्या मानाने माणसे वाचली. आपण आदिवासी वस्तीवर जातो आणि कुडाचे घर पाहून हळहळतो. त्या घरालाही काही समजते, हे किल्लारीने दाखवले.

नंतर मदत आली, आणि ती मनापासून आली. शासन, जागतिक बँक आणि कितीतरी संस्था धावून आल्या. रुंद रस्ते, शाळा आणि पक्की घरे झाली. त्याबद्दल देवाचे आभारच मानले पाहिजेत. पण घराचे माप जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि अगदी अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, तर सात हेक्टरांहून जास्त जमीन असणाऱ्याला ७५०. घरात माणसे किती, हा प्रश्न मागे राहिला.

तिथल्या एका आजीच्या ओट्यावर बसलो होतो. घराला लागून पत्र्याची शेड होती आणि तिथे शेळ्या बांधलेल्या. आजी म्हणाली, "घर चांगलं हाय बाबा. पर शेजार मोडला." जुन्या गावात भिंतीला भिंत लागून होती. नव्या गावात सरळ रांगा आल्या, आणि शेळ्या कुठे बांधायच्या हे नकाशात नव्हतेच.

दुसरीही बाजू सांगतो. ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही, तिथे लोकांनी शासनाच्या हप्त्यांतून आपापली घरे स्वतः दुरुस्त केली. भिंतीत आरपार दगड कसा बसवायचा, वर काँक्रीटचा पट्टा कसा बांधायचा, हे ते शिकले. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या कामातून गावोगावच्या बाया संवाद सहायक झाल्या. हप्ता आला का, सिमेंट बरोबर पडले का, हे त्या विचारू लागल्या. घर दुरुस्त झाले तसा गावात त्यांच्या शब्दालाही मान आला.

नहेम्या यरुशलेमेत आला तेव्हा कोणाला काही न सांगता रात्री तटाची पडझड पाहून आला. मग लोकांना बोलावले, आणि पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा तट बांधला. आधी पाहणे, मग बोलावणे, मग सोबत बांधणे, असा त्याचा क्रम होता.

आता आपल्या घरचे बोलतो. कन्नड तालुक्यातील भिल्ल वस्तीवरच्या दहा घरांसाठी आपण देणगी दिली आहे. नाताळापर्यंत घरे उभी राहावीत, अशी आपली इच्छा आहे. माझी विनंती आहे की ही मुदत सोडून द्या. वस्तीवरच्या बायांनी आधी चुलीची जागा, कोंबड्यांचा खुराडा आणि दाराचे तोंड ठरवू द्या. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे उन्हाळ्यात परत येतील, तेव्हाच कामाला हात लागू द्या. नाताळाच्या अंकात फोटो छापता येणार नाही. देणगीदारांना ते मी स्वतः समजावून सांगेन.

तोवर आपण प्रार्थना करा, आणि जमेल त्यांनी एकदा वस्तीवर या. रिकाम्या हाताने आलात तरी चालेल. चहा पिऊन, ऐकून जा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.